संत इग्नाशियस लोयोला : जायबंदी शिपायाची यरुशलेम यात्रा



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेत एखाद्या संताचे चरित्र असावे अशी समितीची इच्छा होती, आणि ते कोणाचे असावे हे ठरविण्याचा भार मजवर आला. जवळचाच संत घ्यावयाचा तर वसईचे संत गोन्सालो गार्सिया होते, गोव्याचे संत फ्रान्सिस झेवियर होते. असे असता मी स्पेन देशातील एका लंगड्या सरदारपुत्राकडे का वळलो, ह्याचे कारण आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. २०२४ च्या पावसाळ्यात प्रार्थनामंदिराच्या ओल्या पायरीवरून माझा पाय घसरला, घोट्याचे हाड मोडले, आणि मला कित्येक आठवडे पाय प्लास्टरमध्ये घालून खाटेवर पडून राहावे लागले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन खुले व्हावयाचे होते. आपली बस ठरली होती, नावांची यादी झाली होती, आणि यात्रेचा पुढारी मात्र उशीवर पाय ठेवून छताच्या तुळया मोजीत होता! त्या दिवसांत माझी चिडचिड ज्यांनी सोसली त्यांची मी येथे क्षमा मागतो. सेमिनरीत असताना संत इग्नाशियसचे चरित्र मी परीक्षेपुरते वाचले होते. खाटेवर पडल्या पडल्या ते पुन्हा वाचले, आणि जे त्या वेळी केवळ सनावळीसारखे वाटले होते ते आता निराळेच दिसू लागले.

इग्नाशियसचे मूळ नाव इनिगो. स्पेनच्या उत्तरेस बास्क लोकांचा डोंगराळ मुलूख आहे; तेथे आस्पेतिया गावाजवळ लोयोला नावाची त्यांच्या घराण्याची गढी होती. तेथे १४९१ साली त्याचा जन्म झाला. घर भरलेले होते आणि हा सर्वांत धाकटा. आई लहानपणीच वारली. पुढे कास्तील राज्याच्या खजिनदाराच्या घरी आरेवालो येथे त्याला ठेवण्यात आले, आणि तेथे राजदरबाराच्या रीतिरिवाजांत तो वाढला. उत्तम अक्षर, तलवारीचा हात, भरजरी पोशाख, स्त्रियांची मर्जी आणि मानापमानाविषयी अतिशय हळवेपणा, एवढी त्याची त्या काळची मिळकत. देवावर श्रद्धा होती, परंतु ती आपल्यापैकी पुष्कळांची असते तशी. सणावारी जागी होणारी. खजिनदाराचे दिवस फिरले तेव्हा इनिगो नावारा प्रांताचे राजप्रतिनिधी नाहेराचे ड्यूक ह्यांच्या पदरी राहिला. वाचकांनी एक लक्षात घ्यावे, की ह्या सरदारपुत्राला मी तूर्त एकेरीत संबोधीत आहे. ज्या दिवशी त्याने तलवार खाली ठेविली त्या दिवसापासून बहुमान देईन.

१५२१ च्या मे महिन्यात फ्रेंच सैन्याने नावारावर स्वारी करून पाम्प्लोना शहर वेढले. शहर शरण गेले. किल्ल्यातील शिबंदी थोडी होती आणि तिच्यातील बहुतेकांचे मत शरण जावे असेच होते. लढण्याचा हट्ट एकट्या इनिगोचा. त्याने किल्लेदाराचे मन वळविले. लढाईपूर्वी धर्मगुरू मिळेना, म्हणून आपल्या एका सोबत्यासमोरच त्याने आपली पापे कबूल केली. २० मे रोजी, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, तोफांचा मारा चालू असता एक गोळा त्याच्या दोन्ही पायांच्या मधून गेला. उजव्या पायाचे हाड चुराडा होऊन मोडले आणि डाव्या पायासही जखम झाली. तो पडला आणि किल्ला पडला. फ्रेंचांनी मात्र त्याला फार सभ्यपणे वागविले. त्यांच्या वैद्यांनी त्याचे हाड बसविले आणि सुमारे दोन आठवड्यांनी त्याला डोलीत घालून लोयोलाकडे रवाना केले. तुटलेले हाड घेऊन, डोंगरांतील खाचखळग्यांच्या वाटेने माणसांच्या खांद्यावर प्रवास करणे म्हणजे काय, हे बालाघाटाच्या वाड्या-तांड्यांवरून बाजेवर रुग्ण आणणाऱ्यांना निराळे सांगावयास नको.

घरी आल्यावर तेथील वैद्यांनी पाहिले तो हाड जागेवर नव्हते. पहिल्यांदा नीट बसले नव्हते म्हणा, की वाटेत सरकले म्हणा. ते पुन्हा मोडून बसविणे भाग होते. वेदना मारण्यासाठी ईथरचा उपयोग १८४६ साली सुरू झाला आणि हाडाचे चित्र दाखविणारे क्ष-किरण १८९५ साली सापडले. ह्या दोहोंपूर्वीची ही गोष्ट आहे. इनिगोने मुठी घट्ट आवळल्या, तोंडातून शब्द काढला नाही. परंतु त्यानंतर त्याची प्रकृती खालावत गेली. अन्न जाईना. २४ जून, संत योहान बाप्तिस्ता ह्यांच्या सणाच्या दिवशी, वैद्यांनी त्याला पापनिवेदन करून घेण्यास सांगितले. शेवटचे साक्रामेंत झाले. चार दिवसांनी, संत पेत्र आणि संत पौल ह्यांच्या सणाच्या आदल्या दिवशी, वैद्यांनी स्पष्टच सांगितले, की मध्यरात्रीपर्यंत उतार न पडल्यास आशा नाही. संत पेत्रावर इनिगोची पहिल्यापासून भक्ती होती. त्याच मध्यरात्री त्याला उतार पडू लागला, आणि थोड्याच दिवसांत तो धोक्याबाहेर आला.

येथवरचा इनिगो शूर आहे, पण संत नाही. आणि पुढची गोष्ट तर शुद्ध वेडेपणाची. हाड सांधले खरे, पण गुडघ्याखाली एका हाडावर दुसरे चढून बसले होते. त्यामुळे पाय आखूड झाला आणि हाडाचे टोक बाहेर दिसू लागले. दरबारी तरुण त्या काळी पायाला घट्ट बसणारे उंच जोडे घालीत. त्या जोड्यात असले ओबडधोबड हाड कसे मावणार? इनिगोने वैद्यांना विचारले, की हे कापता येईल काय. त्यांनी सांगितले, येईल. पण आतापर्यंत सोसलेल्या सर्व वेदनांहून ही वेदना अधिक होईल. थोरला भाऊ मार्तिन गार्सिया हादरून गेला. इनिगो मात्र हटला नाही. मांस चिरून हाड करवतीने कापले, आणि नंतर पाय लांब व्हावा म्हणून लेप लावून, ओढणीच्या यंत्रात तो कित्येक दिवस ताणून ठेवला. हे सारे हौतात्म्य एका जोड्यासाठी! पुढे संतपदास पोचल्यावर हा सर्व प्रकार त्यांनी स्वतःच सांगून ठेवला, काही झाकले नाही, ह्याचे मला फार नवल वाटते.

मला येथे थोडे थांबून एक गोष्ट बोलावयाची आहे, कारण खाटेवर असताना ती मला टोचत होती. इनिगोला गढी होती, वैद्य होते, शुश्रूषा करणारी भावजय होती, आणि नऊ महिने अंथरुणावर काढण्याची सवड होती. मलाही आपण सर्वांनी दूध, भाकरी, कालवण ह्यांची ददात पडू दिली नाही. परंतु आपल्या बीड जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात, त्यांत आपल्या धर्मग्रामाचीही घरे आहेत. उसाच्या फडात किंवा गाडी भरताना एखाद्याचे हाड मोडले, तर मुकादमाकडून घेतलेली उचल त्यासाठी थांबत नाही. नवराबायकोचा पुरा कोयता असतो तो अर्धा होतो, आणि राहिलेले काम त्या बाईच्या अंगावर पडते. हाड सांधण्यास लागणारे आठवडे त्या माणसाला मिळतच नाहीत. ज्यांचे पाय वाकडे सांधले गेले अशी माणसे आपल्या प्रार्थनामंदिरात मागील रांगेत बसतात, आणि त्यांच्यापैकी कोणीही जोड्यासाठी हाड कापून घेतलेले नाही. संतांची चरित्रे सांगताना आम्हां धर्मगुरूंच्या तोंडी दुःखाची स्तुती फार सहज येते, म्हणून हे लिहिले. आता पुन्हा लोयोलाकडे वळू.

प्रकृती बरी, पण पायावर उभे राहता येत नाही, अशा स्थितीत वेळ जाण्यासाठी इनिगोने शूर शिलेदारांच्या प्रेमकथांची पुस्तके मागविली. घरात एकही नव्हते. भावजय माग्दालेना हिने घरात होती ती दोन आणून दिली: एक साक्सनीच्या लुडोल्फ ह्या मठवासीयाने लिहिलेले ख्रिस्तचरित्र, आणि दुसरे संतांच्या चरित्रांचा संग्रह. दुसरे काही नाही म्हणून तो ती वाचू लागला. वाचून पुस्तक मिटले, की मन मनोराज्यांत रमे. कधी एका थोर कुळातील स्त्रीविषयी, तिच्यासाठी कोणता पराक्रम करावा, तिच्याशी कसे बोलावे, ह्या विचारांत तीन-चार तास निघून जात. कधी मनात येई, की संत फ्रान्सिसने जे केले, संत डॉमिनिकने जे केले, ते मी का करू नये? अनवाणी यरुशलेमला का जाऊ नये? कंदमुळे खाऊन का राहू नये? दोन्ही प्रकारच्या विचारांत त्याला गोडी वाटे. परंतु हळूहळू एक भेद त्याच्या ध्यानी आला. पहिल्या प्रकारची मनोराज्ये सरली, की मन कोरडे आणि असंतुष्ट राही. दुसऱ्या प्रकारचे विचार सरल्यावरही आनंद मागे उरे. पाय जागचा हलत नसताना मनाच्या ह्या येरझारांकडे त्याने जे लक्ष दिले, त्यातूनच पुढे त्यांच्या जगप्रसिद्ध आध्यात्मिक साधनेतील आत्मपरीक्षणाचे नियम तयार झाले.

एके रात्री त्याला बाळ येशूसह पवित्र मरियामातेचे दर्शन घडले, आणि त्यानंतर पूर्वायुष्याविषयी त्याला फार किळस उत्पन्न झाली. आता तो घरात लंगडत फिरू लागला होता. त्याने सुमारे तीनशे पानांची एक वही केली आणि त्या दोन पुस्तकांतील वेचे सुंदर अक्षरात उतरून काढले. ख्रिस्ताचे शब्द लाल शाईने आणि मरियामातेचे निळ्या शाईने. रात्री तो पुष्कळ वेळ आकाशातील तारे पाहत उभा राही. यरुशलेमला जावयाचे, हे ठरून गेले.

१५२२ च्या आरंभी, जखम पुरती भरण्यापूर्वीच, तो खेचरावर बसून घराबाहेर पडला. थोरल्या भावाला संशय आला. त्याने त्याला गढीतील एकेका दालनातून फिरवून, घराण्याची आशा तुझ्यावर आहे, स्वतःला वाया घालवू नकोस, अशी विनवणी केली. इनिगोने खोटे न बोलता, पण खरे न सांगता उत्तर टाळले. दरबाराकडून येणे असलेला पगार वसूल करून त्यातून काही देणी फेडली, काही पैसे मरियामातेच्या एका मूर्तीच्या सजावटीसाठी दिले, आणि सोबतच्या दोन चाकरांना निरोप दिला. वाटेत त्याने गोणपाटाचे लांब अंगरखे शिववून घेतले, काठी घेतली, पाण्याचा भोपळा घेतला, आणि गवती दोरीच्या तळव्यांचा जोडा विकत घेतला. जोडा दोन पायांचा, पण वापरला मात्र एकच. कारण त्याचा एक पाय अद्याप पट्टीत बांधलेला होता, आणि खेचरावर बसून प्रवास केला तरी रोज रात्री तो सुजलेला असे. त्या पायाला जोडा हवा असे त्याला वाटले. वर्षापूर्वी ज्याने घट्ट जोड्यासाठी हाड कापवून घेतले, त्याच्या पायांत आता गवताचा एक जोडा. ह्या ठिकाणी मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ माझ्या प्लास्टरकडे पाहत राहिलो होतो.

मोन्सेरात डोंगरावर मरियामातेचे फार प्राचीन देवस्थान आहे. तेथे त्याने तीन दिवस लिहून लिहून सबंध आयुष्याचे पापनिवेदन केले, खेचर मठाला दिले, आणि तलवार व कट्यार मरियामातेच्या वेदीजवळ टांगण्यास दिली. २४ मार्च १५२२ च्या रात्री अंगावरचा उंची पोशाख एका भिकाऱ्याला देऊन, गोणपाट नेसून, कधी उभे राहून तर कधी गुडघे टेकून त्यांनी वेदीपुढे सारी रात्र जागून काढली. दुसऱ्या दिवशी गब्रिएल दूताने मरियेला दिलेल्या शुभवर्तमानाचा सण होता. पहाटे ते निघून गेले. मागाहून एक माणूस धावत आला आणि विचारू लागला, की त्या भिकाऱ्याला कपडे आपणच दिले काय. लोकांनी त्या गरिबाला चोर समजून धरले होते. त्याच्या कणवेने इग्नाशियसच्या डोळ्यांना पाणी आले.

आता यात्रेच्या वेळापत्रकाविषयी सांगितले पाहिजे, कारण ते न कळल्यास पुढील घाई समजणार नाही. पवित्र भूमी त्या वेळी तुर्कांच्या ताब्यात होती. यात्रेकरूने पुनरुत्थानाच्या सणाच्या सुमारास रोम येथे जाऊन पोप महाशयांची परवानगी घ्यावयाची, आणि उन्हाळ्यात व्हेनिस बंदरातून यात्रेकरूंचे गलबत सुटे ते गाठावयाचे. गलबत चुकले म्हणजे वर्ष चुकले. १५२२ साली पुनरुत्थानाचा सण २० एप्रिलला होता. इग्नाशियस मोन्सेरातहून जवळच्या मान्रेसा गावी काही दिवसांसाठी म्हणून उतरले आणि दहा महिन्यांहून अधिक काळ राहिले. बार्सेलोनाकडील साथीचा रोग हे त्याचे एक कारण असावे असे इतिहासकार मानतात. ते वर्ष चुकले. परंतु ज्या कामासाठी त्यांचा मुक्काम लांबला ते काम यात्रेहून लहान नव्हते.

मान्रेसा येथे ते भिक्षा मागून, गरिबांच्या रुग्णालयात राहून दिवस काढीत. पूर्वी केसांची फार निगा राखीत, म्हणून आता केस व नखे वाढू दिली. दररोज सात तास गुडघ्यांवर प्रार्थना. त्या मोडक्या पायाने! आरंभी शांती होती. नंतर मनाला शंकेचा रोग जडला: हे पाप सांगावयाचे राहिले, ते पाप नीट सांगितले नाही. पुनःपुन्हा पापनिवेदन करूनही समाधान नाही, आणि दुःख इतके अनावर झाले की जीव द्यावा अशी ऊर्मी येऊ लागली. एकदा तर देव कृपा करीपर्यंत अन्न घ्यावयाचे नाही असे म्हणून त्यांनी आठवडाभर उपवास केला. शेवटी पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने आज्ञा करून तो मोडविला. ह्या अंधारातून बाहेर पडल्यानंतर एके दिवशी ते कार्दोनेर नदीच्या काठी बसले असता त्यांच्या बुद्धीवर असा प्रकाश पडला, की सर्व गोष्टी नव्या वाटू लागल्या. आध्यात्मिक साधनेचे पुस्तक ह्या मान्रेसातील अनुभवांतून जन्मास आले. दर वर्षी आम्ही धर्मगुरू जी आठ दिवसांची एकांतसाधना करतो तिचा उगम तेथे आहे. अतिरेकी तपाने त्यांची पचनशक्ती मात्र कायमची बिघडली, आणि पुढे शिष्यांना त्यांनी असल्या तपापासून आवरले.

१५२३ च्या वसंतात ते बार्सेलोनाहून जहाजाने निघाले. सोबती नको, पैसा नको. भरवसा एका देवावर. जहाजावर खाण्यापुरती बिस्किटे घेतलीच पाहिजेत अशी कप्तानाची अट पडली, म्हणून ती घेतली. पण भिक्षेतून उरलेली पाच-सहा नाणी किनाऱ्यावरील एका बाकावर ठेवून दिली. पाच दिवसांत वादळी वाऱ्याने जहाज इटलीस लागले. तेथे साथ पसरलेली, गावांचे दरवाजे बंद, अंगात चालण्याची शक्ती नाही. तशाही स्थितीत ते झावळ्यांच्या रविवारी, २९ मार्च १५२३ रोजी, रोममध्ये पोचले. पोप सहावे एड्रियन ह्यांचा आशीर्वाद आणि परवानगी मिळाली, आणि पुनरुत्थानाच्या सणानंतर आठ-नऊ दिवसांनी ते व्हेनिसची वाट चालू लागले.

व्हेनिसमध्ये संत मार्काच्या चौकात उघड्यावर निजणाऱ्या ह्या भिकाऱ्याला एका श्रीमंत स्पॅनिश गृहस्थाने घरी नेले आणि त्या राज्याचे अधिपती आंद्रेआ ग्रित्ती ह्यांच्याशी भेट घालून दिली. त्यांनी सायप्रसकडे जाणाऱ्या सरकारी गलबतावर त्यांना फुकट जागा देण्याचा हुकूम केला. मागील वर्षाच्या अखेरीस ऱ्होड्स बेट तुर्कांनी घेतले होते. त्या भीतीने पुष्कळ यात्रेकरू व्हेनिसहूनच घरी परतले. उरले ते वीसबावीस. गलबत सुटण्याच्या सुमारास इग्नाशियसना कडक ताप भरला. ताप काही दिवसांनी उतरला, परंतु ज्या दिवशी गलबत निघावयाचे त्याच दिवशी त्यांनी जुलाबाचे औषध घेतलेले होते. घरच्या मंडळींनी वैद्याला विचारले, की ह्याने यरुशलेमसाठी गलबतावर चढावे काय. वैद्याने सांगितले, की तेथे पुरून घ्यावयाचे असेल तर खुशाल चढावे. इग्नाशियस चढले. १४ जुलै १५२३ रोजी गलबत सुटले, त्यांना भडाभडा वांत्या झाल्या, आणि त्यानंतर त्यांना आराम वाटू लागला. वैद्यांविषयी माझा आदर कमी नाही. माझ्याही डॉक्टरांनी मला काठी घेऊन चालण्याची परवानगी दिली ती दर्शनाचा आठवडा लागल्यावरच, आणि मी ती पाळली. संतांचे अनुकरण कोठे करावयाचे आणि कोठे नाही, हेही संतच शिकवितात.

गलबतावरील काही खलाशांचे निंद्य वर्तन पाहून इग्नाशियसनी त्यांना उघड दोष दिला. खलाशांनी त्यांना एका निर्जन बेटावर उतरवून देण्याचा बेत केला. पण वाऱ्याने गलबत सरळ सायप्रसला नेले. तेथून यात्रेकरूंच्या गलबताने जाफा, जाफाहून गाढवांवर बसून डोंगरवाट. नगर दृष्टीस पडण्याच्या आधी सर्वांनी मौन धरले. ४ सप्टेंबर १५२३ रोजी ज्याच्यासाठी इतके सोसले ते यरुशलेम त्यांनी पाहिले.

तेथेच राहावे, पवित्र स्थळांचे दर्शन घेत घेत आत्म्यांची सेवा करावी, असा त्यांचा गुप्त निश्चय होता. परंतु पवित्र स्थळांची जोखीम ज्यांच्याकडे होती त्या फ्रान्सिस्कन बंधूंच्या वरिष्ठांनी नकार दिला. पूर्वी राहिलेल्यांपैकी कोणी मारले गेले, कोणी कैद झाले, आणि त्यांना सोडविण्याचा बोजा संघावर पडला होता. इग्नाशियसनी आग्रह धरला, तेव्हा वरिष्ठांनी परमगुरूंच्या अधिकाराची पत्रे काढली. आज्ञा मोडणाऱ्यास बहिष्कृत करण्याची त्यांना मुभा होती. पत्रे पाहण्याचीही गरज नाही असे सांगून इग्नाशियस त्या क्षणी आज्ञेत राहिले. दोन वर्षांची तळमळ, दोनदा मोडलेले आणि एकदा कापलेले हाड, चुकलेले एक वर्ष. आणि मुक्काम तीन आठवड्यांचाही नाही.

निघण्यापूर्वी त्यांना जैतून डोंगरावरील तो दगड पुन्हा पाहावासा वाटला, ज्यावर स्वर्गारोहणाच्या वेळच्या प्रभूच्या पावलांचे ठसे दाखवितात. कोणास न सांगता, वाटाड्या न घेता ते एकटे गेले. पहारेकरी आत सोडीनात, म्हणून खिशातील लहान चाकू त्यांना दिला. प्रार्थना करून बेथफगेकडे गेल्यावर आठवले, की उजव्या पावलाचा रोख कोणत्या दिशेस आणि डाव्याचा कोणत्या, हे नीट पाहावयाचे राहिले. पुन्हा मागे फिरले. ह्या वेळी कात्री देऊन आत गेले. इकडे मठात त्यांचा शोध चालला होता. मठाच्या एका चाकराने त्यांना वाटेत गाठले, रागाने काठी उगारली आणि दंड घट्ट धरून ओढीत मठात नेले. त्या वेळी ख्रिस्त आपल्या डोक्यावर सतत दिसत आहे असा इग्नाशियसना भास होत होता. २३ सप्टेंबरला त्यांनी यरुशलेम सोडले. ते त्यांना पुन्हा कधी पाहावयास मिळाले नाही.

त्यांच्या पुढील आयुष्याविषयी थोडक्यात लिहितो, कारण ते अधिक प्रसिद्ध आहे. तेहतिसाव्या वर्षी बार्सेलोनात लहान मुलांच्या सोबतीने ते लॅटिन शिकू लागले. १५२८ मध्ये पॅरिसला गेले आणि तेथे त्यांना सोबती मिळाले, त्यांत नावाराचा एक तडफदार तरुण होता, फ्रान्सिस झेवियर. १५ ऑगस्ट १५३४ रोजी सात जणांनी मोन्मार्त्र येथे नवस केला: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि यरुशलेमची यात्रा. त्यात एक पुरवणी होती, की व्हेनिसमध्ये वर्षभर वाट पाहूनही गलबत न मिळाल्यास पोप महाशयांपुढे उभे राहून ते पाठवतील तेथे जावयाचे. २४ जून १५३७ रोजी, म्हणजे ज्या सणाला वैद्यांनी त्यांची आशा सोडली होती त्याच सणाला सोळा वर्षांनी, इग्नाशियसना व्हेनिसमध्ये गुरुदीक्षा मिळाली. त्या वर्षी तुर्कांशी युद्ध जुंपल्यामुळे यात्रेकरूंचे गलबत सुटलेच नाही. पहिली मिस्सा त्यांनी दीड वर्ष लांबविली. बेथलेहेमात ती अर्पण करण्याची आशा त्यांना असावी. अखेर १५३८ च्या नाताळात रोममधील सांता मारिया माज्जोरे ह्या मंदिरात, जेथे बाळ येशूच्या गव्हाणीचे अवशेष पूजिले जातात, त्यांनी ती अर्पण केली.

गलबत सुटले असते तर काय झाले असते कोण जाणे. सुटले नाही म्हणून ते रोममध्ये राहिले, २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप तिसरे पॉल ह्यांनी येशूसंघास मान्यता दिली, आणि त्याआधीच पोर्तुगालच्या राजाने हिंदुस्थानासाठी माणसे मागितली होती. निवडलेल्यांपैकी बोबादिल्ला नावाचे सोबती ऐन वेळी आजारी पडले. इग्नाशियस स्वतःही त्या वेळी अंथरुणावरच होते. त्यांनी झेवियरना बोलावून सांगितले, आणि झेवियर एका दिवसात निघाले. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास उतरले. पुढे वसईसही येऊन गेले. त्यांच्या संघाची माणसे आपल्या शेजारच्या, पूर्वी अहमदनगर म्हटल्या जाणाऱ्या जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात आली, आणि मराठी कॅथलिकांचे ‘निरोप्या’ मासिक १९०३ साली सुरू करणारे फादर हेन्री डोरिंग त्याच संघाचे. इग्नाशियस मात्र रोम सोडून फारसे गेले नाहीत. उरलेली वर्षे पत्रे लिहिण्यात आणि संघाचे नियम रचण्यात गेली. आपली हकीकत त्यांनी एका सोबत्याला सांगून लिहवून घेतली, तीत स्वतःचा उल्लेख नावाने न करता यात्रेकरू असा केला आहे. ते शेवटपर्यंत किंचित लंगडत. ३१ जुलै १५५६ रोजी पहाटे त्यांचे देहावसान झाले. १२ मार्च १६२२ रोजी त्यांना व झेवियरना एकाच दिवशी संतपद जाहीर झाले. त्याच दिवशी माद्रिदचे शेतमजूर संत इसिदोर ह्यांनाही, हे आपल्या शेतकरी बांधवांनी ध्यानात ठेवावे.

रोममधील येशूच्या नावाच्या मंदिरात एका बाजूच्या वेदीखाली इग्नाशियस विसावले आहेत, आणि समोरच्या बाजूच्या वेदीवर झेवियरचा उजवा हात ठेवलेला आहे. उरलेले शरीर जुन्या गोव्यात आहे. आपली बस डिसेंबरात तेथे गेली. मीही काठी टेकीत सर्वांच्या मागून गेलो आणि कॅथेड्रलमध्ये दर्शन घेतले. यादीतील कित्येक नावे मात्र निघण्यापूर्वीच खोडावी लागली होती, कारण गळीत हंगाम सुरू होऊन ती घरे फडावर गेली होती. हे दर्शन दर दहा वर्षांनी होते, तेव्हा पुढचे २०३४ साली येईल, आणि तेही नोव्हेंबर-डिसेंबरच्या त्याच दिवसांत. खोडलेल्या नावांची ती यादी मी धर्मग्रामाच्या दप्तरात लावून ठेविली आहे.